न हललेला काटा

प्रोफेसर सेब्तींनी फडक्याची गाठ सोडून दगड टेबलावर ठेवला तेव्हा इत्तो कानातले डूल काढत होती. एक निघाला होता, दुसऱ्याची फिरकी अडकली होती. दगडातलं चुंबक मोजायच्या खोलीत शिरताना अंगावरचं लोखंड कणभरसुद्धा चालत नसे. डूल, केसांच्या पिना, पट्ट्याचं बक्कल, चपलेच्या टाचेत मोच्यानं ठोकलेली चूकदेखील. अकरा वर्षं ती रोज सकाळी अशी एकेक वस्तू उतरवून, दाराबाहेरच्या परातीत टाकून, मगच आत जात आली होती. "हात सांभाळून हं, इत्तो," सेब्ती म्हणाले. "याला जन्मात चुंबक शिवलेलं नाही. मी स्वतः उचललाय वाळूतून, सत्तावीस वर्षं झाली. इतकं बारीक मोजणारं यंत्र आपल्याकडे यंदा आलं, तोवर कपाटात जपला. काही झालं तरी लोखंड जवळ आणायचं नाही." ती 'बरं' म्हणाली आणि तिनं दगड उचलला. मुठीएवढा, वर भाजल्यासारखी काळी साय, आणि एका कडेला ओल्या कणकेत कुणी बोट दाबावं तसा खळगा. इत्तोचा अंगठा आपसूक त्या खळग्यात जाऊन बसला, आणि हा दगड कुणाचा ते तिच्या डोळ्यांआधी तिच्या अंगठ्याला कळलं.

"काय गं, काय झालं?" "काही नाही, उस्ताद. गार लागला." "मंगळावरून आलाय तो, गार लागणारच," सेब्ती म्हणाले आणि स्वतःच हसले. आज ते फार खुशीत होते. पॅरिसहून पाहुणे आले होते, एक पिकल्या केसांच्या बाई आणि त्यांचा एक तरुण सहकारी. आज शुक्रवार, म्हणून दुपारची नमाज झाली की पाहुण्यांना घरी कुसकुसाचं जेवण, आणि साडेतीनला सगळ्यांनी इथं येऊन दगड मोजायचा. "तू तीन चौकोनी तुकडे कापून ठेव. मोजू मात्र नकोस. पहिला आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे. माझी आयुष्यभराची कमाई आहे ही, समजलं ना?" इत्तोला समजलं. ते गेले तरी ती अंगठा खळग्यात ठेवून तशीच उभी होती, आणि एक डूल कानात लोंबत होता.

तिच्या बापाचा दगड. हद्दू ऊब्राहिमचा. हा दगड फेकून दिला असेल, गेला असेल कुठल्या तरी कचऱ्यात, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आणि का नसती चालली? दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात सेब्ती त्याची गोष्ट सांगत. अकरा वेळा तिनं ती ऐकली होती, मागच्या बाकाशेजारी दगडांचे ट्रे धरून. "आमच्या वाळवंटात एक म्हातारा भेटला होता मला. हातात मंगळाचा तुकडा! आणि त्या शहाण्यानं काय केलं असेल? काठीच्या टोकाचं चुंबक लावून बघितलं, लोखंड आहे का म्हणून! चारशे कोटी वर्षांची आठवण दगडानं जपली, आणि या बाबानं ती एका क्षणात पुसली." मग पोरं खदाखदा हसत. इत्तोही ओठ ताणत असे. तो म्हातारा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचे सगळे दात शाबूत होते, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? तिला खरंच वाटत होतं की चूक बापाची होती. या नोकरीला लागली तीही त्याचंच ओझं डोक्यावर घेऊन. बापाच्या हातून एक दगड मेला ना, मग आपण शंभर जपू, असला काहीतरी खुळा हिशेब होता मनात. तिनं खरोखर शंभर काय, हजार दगड जपले होते. अख्ख्या विभागात तिच्याइतक्या निगुतीनं दगड हाताळणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि हा म्हणतो, चुंबक शिवलेलं नाही. मनातल्या मनात तिनं सेब्तीला अहोजाहो करणं तिथंच सोडलं.

तिनं तांब्याच्या तारेची करवत घेतली आणि दगड शिशाच्या तुकड्यांत घट्ट बसवला. करवत सुरू झाली की तास-दीड तास हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं सुटतं. पाणी थेंब थेंब पडत होतं, करड्या रंगाचा गाळ बशीत उतरत होता. तिला तंबू आठवला. दरवेळी आठवे तेव्हा बापाचा चेहराच आठवे, आज मात्र ती त्या चेहऱ्याला बाजूला सारून आजूबाजूला बघू लागली. वसंतातले दिवस, बकऱ्या व्यायलेल्या, आईनं सकाळीच राखेतली भाकर काढलेली. ती तेरा वर्षांची. पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं काम तिचं, म्हणून ती अगदी जवळ होती. जीपमधून उतरलेला तो कासाब्लांकाचा तरुण, तेव्हा केस काळेभोर, बुटांवर धूळ बसली म्हणून सारखा पाय झटकणारा. बापानं पागोट्याच्या पदरात गुंडाळलेला दगड काढून त्याच्यापुढे ठेवला होता. आणि बापाच्या आवाजात काय ऐट होती! "सिदी, याला मी चुंबक लावलेलं नाही. गेल्या साली एक परदेशी साहेब सांगून गेला, लावत जाऊ नका म्हणून. बघ, काठीवरनं काढूनच टाकलंय." खरंच काढलं होतं. आसपासचे सगळे जण फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक काठीला बांधून फिरत आणि काळा दगड दिसला की काठी टेकवत. चिकटला तर आकाशातला, नाही चिकटला तर आपला इथलाच. बाप एकटा नुसत्या डोळ्यांनी दगड ओळखायला शिकला होता. त्याला लोक हसत, तरी तो ऐकत नसे.

मग त्या तरुणानं खिशातून होकायंत्र काढलं. हे इत्तोला आठवलं आणि तिचे हात करवतीवर थबकले. होकायंत्र काढलं, जमिनीवर ठेवलं, आणि दगड हळूच त्याच्याजवळ नेला. काका, शेजारचे दोघे, बाप, सगळे वाकून बघत होते. ती पण बघत होती, हातात पाण्याची झारी. काटा हलला नाही. इकडून नेला, तिकडून नेला, काटा जिथं होता तिथंच. त्या तरुणाचा श्वास एक क्षण अडकला होता, तेही तिला आता आठवलं. मग तो मागं सरकून बसला आणि वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बघितलंस? हलतोय का काटा? नाही ना? मेला हा दगड. तू चुंबक लावलंस, हद्दू." "नाही लावलं, सिदी." "मग काटा का हलत नाही?" यावर बाप काय बोलणार? जिवंत असतं ते हलतं, मेलेलं हलत नाही, हे तर बकऱ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक. बापानं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. काका तोंड फिरवून हसला. तरुण म्हणाला, "जाऊ दे, झालं ते झालं. मी नेतो, पोरांना दाखवायला होईल, चुंबक लावलं की काय होतं ते." जाताना निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा एक सुळका आणि चहाची पुडी ठेवून गेला. बापाच्या तोंडाला अशी पानं पुसून, वर उपकार करून गेला.

इत्तोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बावळट, ती स्वतःला म्हणाली, अकरा वर्षं तू पोरांना काय शिकवतेस? चुंबक लागलेला दगड होकायंत्राजवळ नेला की काटा गर्रकन फिरतो. कुणी हात लावला नसेल तर त्याची स्वतःची आठवण इतकी मंद असते की काट्याला पत्ताच लागत नाही. काटा हलला नाही म्हणजे दगड कोरा होता, बाप खरं बोलत होता, आणि त्या माणसाला तिथल्या तिथं ते कळलं होतं. सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. शिकल्यासवरल्यावर एकदा तरी त्या काट्याकडे वळून बघायला हवं होतं तिनं. बघितलं नाही, कारण तंबूची आठवण आली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि ती घाईघाईनं दुसरा काही विचार करायची. सेब्ती सुखरूप राहिला तो तिच्याच लाजेच्या आडोशाला.

तुकडे कापून झाले. तीन तुकडे तिनं डबीत ठेवले. कडेची एक कपची उरली होती, नखाएवढी. ती घेऊन, दुसरा डूलही ओढून काढून, इत्तो आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या खोलीच्या भिंतींत असा पत्रा होता की बाहेरच्या पृथ्वीचं चुंबकत्व आत येत नसे. नव्या माणसाला आत गेल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटे. इत्तोला मात्र तिथं नेहमी बरं वाटत आलं होतं. तिनं कपची यंत्रात ठेवली. आधी दगडातलं वरवरचं चुंबकत्व थोडं पुसायचं, मग मोजायचं. पुन्हा थोडं पुसायचं, पुन्हा मोजायचं. नवं असेल ते लवकर उतरतं, जुनं मात्र तळाशी धरून बसतं. चुंबक लागलेलं असेल तर पडद्यावरचा बाण पहिल्यापासून भलत्याच जोरात असतो आणि मग तळाशी काही उरतच नाही. इथं तसं काही नव्हतं. एक बारीक, क्षीण बाण, आणि तो एकाच दिशेला. पुसलं, मोजलं. पुसलं, मोजलं. दहा वेळा, पंधरा वेळा. बाण थोडाथोडा आखूड होत गेला, पण त्यानं दिशा बदलली नाही.

म्हणजे हे असं होतं. चारशे कोटी वर्षांपूर्वी मंगळ आतून तापलेला होता, त्याच्या पोटातलं लोखंड वितळून ढवळत होतं, आणि त्या ढवळण्यानं ग्रहाभोवती एक चुंबकी कवच उभं राहिलं होतं. ज्वालामुखीतून बाहेर पडून हा खडक निवला तेव्हा त्या कवचाची दिशा आणि जोर त्यानं स्वतःत मुरवून घेतला. पण मंगळ लहान. लहान चुलीवरचं लवकर गार होतं. पोटातलं ढवळणं थांबलं, कवच गेलं, सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं हवा ओरबाडून नेली, हवा गेल्यावर पाणी टिकेना. उरली ती तांबडी धूळ आणि रात्रीची हाडं फोडणारी थंडी. पुढे कधी तरी कुठला तरी धोंडा येऊन आदळला आणि हा तुकडा उडाला, भटकत भटकत बापाच्या पायाशी येऊन पडला. तो ग्रह एके काळी जिवंत होता याची साक्ष द्यायला एवढीशी कपची. इत्तो त्या बाणाकडे बघत राहिली आणि रडू आलं तिला, पण ते मंगळासाठी नव्हतं. सोळा वर्षांची असताना सुट्टीत ती तंबूवर गेली होती. मावशीनं तिला कासाब्लांकाला आणून आपल्या नवऱ्याच्या नावावर शाळेत घातलं होतं, वर्गात ती सगळ्यांत उंच, आणि चार बुकं शिकून तिला फार अक्कल आली होती. ती बापाला म्हणाली होती, "बाबा, आता तरी खरं सांगा. का लावलंत चुंबक?" बाप तिच्याकडे बघत राहिला आणि मग बकऱ्या बघायला म्हणून उठून गेला. त्या दिवशी बकऱ्या काकानं केव्हाच चरायला नेल्या होत्या.

लोक त्याला चुंबक्या म्हणत. चुंबक्या हद्दू. विहिरीवर बायका म्हणत, बाजारात चहावाला म्हणे. नवा दगड सापडला की लोक तो त्याच्यापासून लपवून ठेवत, "नको बाबा, हा हात लावेल." त्यानं काठी मोडून चुलीत घातली. मग तो दुसऱ्यांच्या खाणीत दगड झालेले जुने शिंपले खणायला जाऊ लागला, दिवसभर चरात पडून छिन्नी चालवायची आणि नाकातोंडात धूळ. नऊ वर्षांत छातीचा खोका झाला. शेवटच्या दिवसांत त्याला धाप लागे आणि तरी कुणी आलं की तो म्हणे, "मी नव्हतं लावलं हो." पाहुणा म्हणे, "बरं बरं, पड तू आता." इत्तोनंही तेच म्हटलं होतं. बरं बाबा, पडा तुम्ही.

तिनं शेवटचं मोजमाप घेतलं, त्यावरून त्या काळच्या कवचाचा जोर काढला, आणि आकडा पडद्यावर आला. जगात अजून कुणीच न पाहिलेला आकडा. ती बाहेर आली तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि काय करायचं ते ठरलं होतं.

विभागात सामसूम होत चालली होती. पुरुष मशिदीकडे निघाले होते. चहा करणारी झहरा तिची पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. "चल गं, जेवायला चल माझ्याकडे. सात भाज्या घातल्यात कुसकुसात. दगडांचा काय उपास मोडायचाय आज?" "येते मागून." "मागून म्हणजे कधी? गेल्या शुक्रवारीही मागूनच होतीस." झहरा जवळ आली. "चेहरा का असा? कुणाचा गळा घोटायचाय का?" "हो." "मग जेवून घोट, बाई. उपाशीपोटी हात थरथरतात." इत्तोला हसू आलं, खरंखुरं. झहरा म्हणाली, "लग्न केलं असतंस तर घोटायला घरीच मिळाला असता कुणी," आणि चपला फटफटवत जिना उतरून गेली. इत्तो तिचा आवाज बंद होईपर्यंत थांबली.

खनिजं निवडायच्या खोलीत कपाटात एक चुंबक होतं, नव्या जातीचं, तव्याला चिकटलं तर दोघांनी ओढावं लागेल असलं, लाकडी खोक्यात ठेवलेलं. तिनं खोकं उचलून आणलं. टेबलावर कापलेला दगड, डबीतले तीन तुकडे. तिचे हात थरथरत नव्हते. सेब्तीला गोळी घातली असती तर तो एकदाच मेला असता. याच्यात तो साडेतीन वाजता मरेल, मग संध्याकाळी, मग उद्या, आणि जितकी वर्षं उरली असतील तितकी रोज. चुंबक बोट-दोन बोटांवर असतानाच दगड टेबलावर सरकला आणि खट्‌कन येऊन चिकटला. तिनं त्याला सोडवलं, फिरवलं, पुन्हा लावलं. चहूबाजूंनी, आतपर्यंत, कुठं पापुद्रा म्हणून सुटू दिला नाही. बाहेर नमाजेची बांग चालू होती आणि ती संपायच्या आत चारशे कोटी वर्षं संपली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. एकदा मनात आलं, या ग्रहानं काय बिघडवलं होतं तुझं? एवढी एकच साक्ष होती त्याची. मग तिनं मनातल्या मनातच उत्तर दिलं, गेली तर गेली, माझ्या बापाची साक्ष तरी कुणी ऐकली? तिनं कपची आणि तीन तुकडेही चुंबकाला लावले, यंत्रातून सकाळची सगळी मोजमापं पुसली, खोकं कपाटात ठेवलं आणि हात धुतले. जेवायला ती गेली नाही. खिडकीशी बसून तिनं एक संत्रं खाल्लं, एकेक फोड करून, अगदी शांतपणे.

साडेतीनला ते आले, कुसकुसानं सुस्तावलेले, बोलत हसत. सेब्तीनं पाहुण्यांना परातीत घड्याळं, किल्ल्या टाकायला लावल्या, स्वतःचं पेन टाकलं. इत्तोनं डबीतला पहिला तुकडा यंत्रात ठेवला. पिकल्या केसांच्या बाई चष्मा पुसून पुढे वाकल्या. बाण आला तो पडदा ओलांडूनच गेला. यंत्रानं मोजायचंच नाकारलं. "दुसरा ठेव," सेब्ती म्हणाला. दुसराही तसाच, तिसराही तसाच. बाईंनी हलकेच च्‌ च्‌ केलं. "हातातलं चुंबक," त्या म्हणाल्या. "अरेरे. कुणीतरी लावलंय याला." सेब्तीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं इत्तोनं भुवईपासून हनुवटीपर्यंत पाहिलं. त्यानं टेबलाची कड धरली. इत्तो पोटभर बघत होती. सत्तावीस वर्षांनी कुणीतरी तिच्या पानात काहीतरी वाढलं होतं.

किती वेळ? बारा सेकंद, पंधरा. मग सेब्तीनं कड सोडली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी इकडून तिकडे पळालं. आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या नाकाखाली हे झालं असं पाहुण्यांपुढे म्हणायचं, की आणखी काही? आणि बघता बघता त्याचा चेहरा सावरला. "शंका होतीच मला," तो उसासा टाकून म्हणाला. "हा दगड मला एका भटक्यानं दिला होता. हद्दू नावाचा म्हातारा. भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली हो त्यानं, की चुंबक लावलं नाही म्हणून! मी मूर्ख, विश्वास ठेवला." तरुण पाहुणा हसला. "सगळे तेच करतात. आणि सगळे शपथा घेतात." बाई म्हणाल्या, "बिचारा. त्याला काय कळणार त्यातलं." आणि सेब्तीही हसला. थकलेलं, मोठ्या मनाचं हसू. "काय करणार? विज्ञानाला हेही सोसावंच लागतं."

इत्तोच्या पायाखालची वाळू सरकली. सकाळपर्यंत ते खोटं होतं. बापानं दगड मारला हे या माणसानं रचलेलं खोटं होतं, आणि दगड स्वतः त्याच्या विरुद्ध बोलत होता. आता दगडही तेच बोलणार. कुठंही न्या, कुणीही मोजा, तो म्हणणार, हद्दूनं चुंबक लावलं. पुढच्या वर्षी पहिल्या वर्गात गोष्ट तीच, हसणारी पोरं नवी, आणि पुरावा म्हणून दगड टेबलावर. त्या माणसाला जे सत्तावीस वर्षांत जमलं नव्हतं ते तिनं तासाभरात करून दिलं होतं. गप्प राहिलं तर नोकरी राहते, पेन्शन राहते, मावशीच्या औषधांची सोय राहते. ती गप्प राहिलेली तिच्या बापानं आधी दोनदा पाहिली होती, एकदा तंबूत आणि एकदा त्याच्या शेवटच्या अंथरुणाशी.

"त्यानं नाही लावलं," इत्तो म्हणाली. तिनं ते फ्रेंचमध्ये म्हटलं, पाहुण्यांना कळावं म्हणून. "मी लावलं. आज दुपारी, बांग चालू असताना. निवडखोलीतलं चुंबक, खोक्यावर माझ्या हातांचे ठसे असतील. सकाळी मी एक कपची मोजली होती. दगड जिवंत होता. पंधरा वेळा पुसलं तरी बाणाची दिशा हलली नाही." कुणी हसत नव्हतं. "तू... तू का..." सेब्ती म्हणाला. "मी हद्दू ऊब्राहिमची मुलगी. तुमच्या हातावर पाणी घातलं होतं मी. तुम्ही होकायंत्र काढलंत, काटा हलला नाही, आणि तुम्ही माझ्या बापाला सांगितलंत की दगड मेला." बाईंनी चष्मा काढला आणि सेब्तीकडे वळून बघितलं. त्यांनाही काट्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

तो पोलिसांना बोलवेल असं इत्तोला वाटलं होतं. आरडाओरडा करेल, हात उगारेल. पण त्यातलं काही त्याला सुचत नव्हतं. तो तिच्याजवळ आला, फार जवळ, आणि खालच्या आवाजात, तहानेलेल्या माणसानं पाणी मागावं तसं म्हणाला, "तू मोजलंस? पूर्ण मोजलंस?" "पूर्ण." "किती होतं?" तिनं डबीचं झाकण लावलं. "यंत्रात असेल..." "पुसलं." "लिहून ठेवलं असशील." "नाही." "पण तुला आठवत असेल. तुला सगळे आकडे आठवतात. लाल्ला इत्तो..." अकरा वर्षांत त्यानं तिला प्रथमच असं मानानं हाक मारली होती. "लाल्ला इत्तो, किती होतं?"

"हा दगड कुणाला सापडला?" तिनं पुन्हा फ्रेंचमध्येच विचारलं. सेब्तीनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. "हद्दू ऊब्राहिमला." "चुंबक लावलं होतं त्यानं?" "नाही." "मोठ्यानं." "नाही लावलं! नव्हतं लावलं, मला माहीत होतं, तेव्हाच माहीत होतं मला!" त्याचा आवाज फुटला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी दगडासाठी होतं, तिच्या बापासाठी नव्हे, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरीही ते शब्द एकदा तीन माणसांच्या कानांवर पडले होते आणि त्यांना आता कुणी परत गिळू शकत नव्हतं. "आता सांग," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. ग्रहाचा प्रश्न आहे, तुझामाझा नाही. किती होतं?"

आकडा तिच्या जिभेवर होता, शेवटच्या अंकापर्यंत. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तो माझ्या बापाचा आहे," इत्तो म्हणाली, आणि दार उघडून बाहेर गेली. जिना उतरताना वरून तो तिच्या नावानं हाका मारत होता. तिनं तो आकडा मनात एकदा म्हणून बघितला, आणि पुन्हा कधी कुणाला सांगितला नाही.